अर्धा पासवर्ड बापूंकडे, अर्धा काकांकडे

वसमत
मंगळवार, २७ मे

तीर्थस्वरूप मामांना,

वसमतहून तुमच्या थोरल्या भाच्याने पायांवर डोकं टेकवलं आहे असं समजावं, आणि मामींच्या पायांवरही (त्या रागात नसतील तर). तुमचा गुडघा कसा आहे? जॅक लावताना स्वतः वाकू नका असं आईने दहा वेळा लिहायला सांगितलं आहे. मी एकदाच लिहितो, बाकीचे नऊ तुम्ही धरून चाला. या उन्हात वारंगा फाट्यावर टायर चांगलेच फुटत असतील, म्हणजे दुकान जोरात असणार. ट्रकवाल्यांचं काहीही होवो, तुमची भरभराट होवो. इकडे आई ठीक, बापू ठीक, हळद वाळून पॉलिशला आली आहे, आणि मी तर इतका ठीक आहे की फोनवर मावणार नाही म्हणून कागद घेतला. (खरं कारण असं की तुमचा फोन सदा मामींकडे असतो आणि त्या तो स्पीकरवर टाकून गिऱ्हाइकांसकट ऐकतात. हा मजकूर महाराष्ट्र, तेलंगणा आणि मध्य प्रदेश पासिंगच्या लोकांनी ऐकावा असा नाही.) पत्र आमचा पिकअपवाला थावरा आणून देईल. तो सध्या माझ्याशी तोडून वागतो. का ते पुढे येईलच.

मामा, तुमचा भाचा जिंकला. काल, सोमवारी, दुपारी साडेचार वाजता, भर वसमतमध्ये, सात-शून्य अशा फरकाने हरून जिंकला. आता तुम्ही म्हणाल, हा पोरगा उन्हाने गेला. न्हाई मामा. शेवटपर्यंत वाचा.

आधी दिपाबद्दल सांगतो. तिचं नाव तुम्हाला माहीत नाही आणि मीही इतक्यात सांगणार नव्हतो. ती हिंगोलीची, डिप्लोमाला माझ्या वर्गात होती. मी कॉलेज सोडलं ती हकीकत तुम्ही बापूंच्या तोंडून ऐकली आहे, म्हणजे चुकीची ऐकली आहे. झालं असं की प्रॅक्टिकलला सरांनी प्रत्येकाच्या हातात नेटची वायर दिली. आठ रंगीत तारा ठराविक क्रमाने लावून टोकाला पिन दाबायची, एवढंच काम. माझ्या वायरीवर तपासणीच्या यंत्राचा दिवा लागेना. सर म्हणाले तारांचा क्रम चुकला. मी म्हणालो यंत्र चुकलं. सर म्हणाले याच यंत्रावर बावीस जणांच्या वायरी चालल्या. मी म्हणालो बावीस जण चुकले असतील. त्यानंतर माझ्या हातातली पकड खिडकीची काच फोडून बाहेर गेली (मी फेकली असं नाही, ती गेली), सरांनी माफी मागायला सांगितलं, आणि मी प्रॅक्टिकल अर्धं, वर्ष अर्धं, डिप्लोमा अर्धा टाकून जो निघालो तो थेट वसमतच्या गाडीत जाऊन बसलो. दप्तर वर्गातच राहिलं. ते घेऊन दिपा स्टँडवर आली, खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं आणि म्हणाली, "हिरवी आणि निळी उलटी बसवली होतीस." बस, एवढंच. गाडी औंढ्यापर्यंत येईस्तोवर माझं प्रेमात पडणं तेवढं पूर्ण झालं होतं.

पुढे वर्षभर फोनवर बोलणं चाललं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे (आईकडून आला असं बापू म्हणतात, म्हणजे तुमच्याकडून). बोलता बोलता काही टोचलं की मी फोन कापायचो. मग तासाभराने लावायचो. मग परत कापायचो. शिवाय मधल्या काळात मी जीम धरली आणि सोडली, जड वाहनाचं लायसन काढायला घेतलं आणि सोडलं, शेळ्या तर आणायच्या आधीच सोडल्या. संक्रांतीला तिने माझा नंबर बंद करून टाकला. एकच खिडकी उघडी राहिली. तिचा भाऊ नोकरीला पुण्याला गेला, तो आपला गेम खेळायचा डबा, टीव्हीला जोडतात तो, घरी ठेवून गेला. त्यावर दिपा संध्याकाळी फुटबॉल खेळते. हे कळल्यावर मीही तसाच डबा आणला. (तुम्ही दिलेली मोटारसायकल सुखरूप आहे, काळजी नसावी. फक्त ती आता दस्तगीरच्या अंगणात उभी असते आणि दस्तगीरचा डबा आमच्या टीव्हीखाली असतो.) हा दस्तगीर म्हणजे आमच्या भागात नेटचं कनेक्शन देणारा, खांबावर चढणारा आणि बिल मागायला येणारा, असे तीनही मिळून एकच माणूस आहे.

गेल्या बुधवारी डब्यावर दिपाचा निरोप आला. शब्द न् शब्द पाठ आहे, म्हणून लिहितो: "शुक्रवारी तीस तारखेला मला बघायला परभणीचे लोक येत आहेत. आजी विचारते, तुझ्या मनात कोणी असेल तर आधीच बोल. मी काय बोलू? सगळं अर्ध्यात टाकणाऱ्याचं नाव सांगू? माझ्याबरोबर एक सामना शेवटपर्यंत खेळून दाखव. जिंकायचं काम नाही. नुसता शेवटपर्यंत थांब." मामा, पंधरा मिनिटांचा सामना! मला वाटलं, देव कधीकधी फारच स्वस्तात देतो.

लगेच बसलो. सात-आठ मिनिटं झाली असतील, पडदा थांबला, गोल गोल चकरी फिरली आणि सामना तुटला. पुन्हा बसलो, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर तिचा निरोप आला: "व्वा. हाफ टाइमपण नाही." मी लिहिलं की नेट गेलं. तिने तिच्या पडद्याचा फोटो पाठवला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की प्रतिस्पर्धी सामना सोडून गेला. आता सांगा, यावर माणसाने काय करावं! आयुष्यात पहिल्यांदा मी जागचा हललो नव्हतो आणि आयुष्यात पहिल्यांदाच सोडून गेलो असं लेखी येत होतं.

मी आधी डब्याला दोन थपडा दिल्या. मग उन्हातान्हात चालत (मोटारसायकल नाही ना) दस्तगीरच्या दुकानात गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कनेक्शनचा उद्धार केला. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाला, "भाई, तकलीफ तारेत न्हाई, दरवाज्यात हाये." मग त्याने मला जे समजावलं ते तुम्हाला मोंढ्यातल्या मालवाहतुकीच्या भाषेत सांगतो. घरातल्या नेटच्या पेटीत एक राखणदार असतो, त्याला फायरवॉल म्हणतात. आपला टेम्पो बाहेर गेला तर तो चिठ्ठी फाडतो आणि तोच टेम्पो परत आला तर चिठ्ठी बघून आत घेतो. पण चिठ्ठीची मुदत थोडी असते. ती संपली, किंवा परक्या गावचा टेम्पो न सांगता दारात आला, की हा बाबा हाकलून लावतो. दिपाचा डबा माझ्या डब्याशी थेट बोलायला यायचा आणि आमचा राखणदार तिला सात-आठ मिनिटांत घालवून द्यायचा. म्हणजे मामा, मी तिला सोडून जात नव्हतो, माझ्याच घरातून तिला हाकललं जात होतं! हे ऐकून माझं रक्त जे तापलं, ते मी पुढचं काही न ऐकता घरी आलो. (पुढचं ऐकायला हवं होतं.)

घरी येऊन आमच्या पेटीचं सेटिंगचं पान मोबाइलवर उघडलं आणि राखणदाराला एका झटक्यात बडतर्फ केलं. फायरवॉल बंद. वरून माझ्या डब्याला एक कायमचा पत्ता दिला, कारण दस्तगीर म्हणाला होता की डब्याची जागा बदलता कामा नये. शेवटचा आकडा वीस टाकला, वीस मला आवडतो. तो पत्ता आधीच दिलेला होता. कोणाला? शेतात हळद वाळत घातली होती तिथल्या, घरच्याच नेटवर चालणाऱ्या कॅमेऱ्याला, ज्याचं चित्र बापू जेवतानासुद्धा मोबाइलवर बघतात. एका पत्त्यावर दोघं आले की दोघांचंही टपाल बुडतं. बापूंच्या मोबाइलवर काळोख झाला. बापूंनी भाकरीचा तुकडा ताटात टाकला, "हळद नेली!" असा हंबरडा फोडला, काठी घेतली आणि शेजाऱ्याच्या गाडीवर बसून शेत गाठलं. तिथे हळदीच्या ढिगाशेजारी, पोत्यांवर, तोंडावर टॉवेल घेऊन एक चोर निजलेला होता. तो थावरा होता. एक काठी बसल्यावर ओळख पटली. (आता तुम्हाला कळलं तो का तोडून वागतो. त्याला काठीचं वाईट वाटलं नाही, आपल्याला चोर समजले याचंही वाटलं नाही. चोर असून हळदीजवळ झोपेल एवढा बिनडोक समजले याचं वाटलं.)

आणि एवढं करून सामना पुन्हा आठव्या मिनिटाला तुटलाच. दस्तगीर स्वतः आला, पेटी बघितली, कपाळावर हात मारला. म्हणाला, "भाई, तू आतला दरवाजा उघडा टाकला. बाहेरचा तर तुझ्या काकाकडं हाये. आन् आतला असा सताड टाकला की चोराला दावतच." त्याने आतला राखणदार पुन्हा कामावर घेतला, कॅमेऱ्याला त्याचा वीस परत दिला, माझ्या डब्याला पंचवीस दिला आणि फक्त गेमपुरते तीन दरवाजे उघडे ठेवले. त्यांना पोर्ट म्हणतात, प्रत्येकाला नंबर असतो. पण बाहेरच्या पेटीचं काय? मामा, इथे येऊन आपला सगळा गाडा रुतला, आणि रुतवणारे तुम्ही.

आठवतं ना? दोन वर्षांपूर्वी बापू आणि ग्यानबाकाकांची वाटणी झाली तेव्हा आमच्या बाजूने पंच म्हणून तुम्ही बसला होता. हळद शिजवायचा कुकर काकांना दिला, पॉलिशचा ड्रम आम्हाला दिला, म्हणजे कोणाचंही एकट्याचं चालायचं नाही. नेटचं एकच कनेक्शन, त्याची मोठी पेटी मधल्या भिंतीला काकांच्या बाजूने, आणि भिंतीला भोक पाडून वायर आमच्या पेटीत. पुढे कोणीतरी शंका काढली की एक भाऊ दुसऱ्याचा स्पीड कापेल. तेव्हा तुम्ही मिशीवरून हात फिरवून म्हणालात, बँकेत कसं दोघांच्या सहीनं पैसे निघतात, तसं करा. आणि दस्तगीरकडून मोठ्या पेटीचा पासवर्ड असा करवून घेतला की पहिला अर्धा बापूंना माहीत, दुसरा अर्धा काकांना. दोघांनी मान वळवून आपापला टाइप केला. सगळ्या पंचांनी वाहवा केली. दस्तगीरला स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तुम्ही त्याच्याकडून शब्द घेतला की पेटी परस्पर रीसेट करणार नाही. त्याच हंगामात काकांनी आमची हळद सगळ्यात शेवटी शिजवली, बापू काहीतरी बोलले, काका काहीतरी बोलले, आणि तेव्हापासून दोघं भाऊ एका भिंतीला पाठ लावून बसतात पण एकमेकांशी अवाक्षर नाही. हळद इकडून तिकडे जाते, थावरा मधे निरोप्या. काकूंनी लोणचं पाठवलं तर आई रिकामी बरणी भिंतीवर ठेवते.

दस्तगीरला मी हात जोडले. तो म्हणाला, "पंचाला जबान दिली भाई, पंचानं सोडली तर सोडीन." तुम्हाला चार वेळा फोन केला, चारही वेळा मामी म्हणाल्या ट्रकखाली आहेत. तोवर रविवार उजाडला. शुक्रवार समोर दिसत होता. मी आईला सांगितलं नाही, कोणाला सांगितलं नाही, सरळ बापूंसमोर उभा राहिलो आणि दिपाचं सगळं बोललो. बापू बराच वेळ पानाला चुना लावत राहिले. मग म्हणाले, "पोरगी हुशार हाये का?" मी म्हणालो हिरवी आणि निळी. म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून उत्तर कळलं असावं. म्हणाले, "माझा अर्धा मी टाइप करीन. पन त्याला म्या बोलावनार न्हाई." तिथून भिंतीला वळसा घालून काकांकडे गेलो. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या उंबऱ्यावर उभा होतो. काका बाजेवर पडले होते. "काहून आला रे?" म्हणाले. पुन्हा सगळं सांगितलं. (एकाच दिवशी आपलं प्रेम दोन वडीलधाऱ्यांना सांगायचं म्हणजे काय असतं, मामा, दुसऱ्यांदा सांगताना माझाच आवाज मला ओळखू येईना.) काका उठून बसले. "माझा अर्धा तयार हाये. पन दादा माझ्या घरात पाय ठेवील का ते त्याला इचार." मी पुन्हा भिंतीला वळसा. असे पाच वळसे झाले. सहाव्या वळशाला माझं डोकं फिरलं आणि मी दोन्ही घरांना ऐकू जाईल असा अंगणातून ओरडलो की तुम्हा दोघांच्या भांडणात माझं लग्न परभणीकर करून जाऊन राहिले! समोरच्या गल्लीतले लोक गॅलरीत आले. दोघं भाऊ गपचूप एकाच वेळी बाहेर निघाले. नाइलाज होता, लोक बघत होते.

सोमवारी तीन वाजता, काकांच्या ओसरीवर, दस्तगीरचा लॅपटॉप मधे. एका बाजूला बापू, एका बाजूला काका, दोघांचीही तोंडं विरुद्ध दिशेला. बापूंनी टोपीत खोचलेली चिठ्ठी काढून एका बोटाने आपला अर्धा टाइप केला, तोवर काकांनी आढ्याकडे बघितलं. मग काकांनी टाइप केला, तोवर बापूंनी रस्त्याकडे. चूक. पुन्हा. चूक. तिसऱ्यांदा चूक झाल्यावर पेटीने सांगितलं की आता दहा मिनिटं थांबा. दहा मिनिटं! दोन वर्षांचा अबोला आणि मधे एक पंखा. काकूंनी सरबत आणलं, कोणी उचलेना. दस्तगीर छताच्या कड्या मोजत होता. माझ्या हातापायांना आग लागली होती, लॅपटॉप उचलून हौदात टाकावा असं तीन वेळा मनात आलं; मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो. सातव्या-आठव्या मिनिटाला काकांनी खाकरलं आणि आढ्याकडे बघतच विचारलं, "दादा, तुझं पयलं अक्षर मोठं का बारकं?"

मामा, दोन वर्षांतला पहिला शब्द. बापूंनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. लांब नेली. म्हणाले, "मला काय दिसतंय. तूच बघ." आणि चिठ्ठी काकांच्या हातात दिली! पंचायतीने बांधलेली सगळी व्यवस्था त्या एका चिठ्ठीबरोबर कोसळली. काकांनी वाचलं, "मोठं हाये की! तू बारकं दाबून राहिला." बापू म्हणाले, "मग तवाच बोलायचं न्हाई का?" काका म्हणाले, "तू बोलतो व्हय माझ्याशी?" आणि यावर दोघांनी मिळून जे मला झापलं, की हे पोरगं नुसतं बघत बसतं, चष्मा आणून देत नाही. मला आयुष्यात झापून घेताना इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पेटी उघडली. दस्तगीरने पाच मिनिटांत बाहेरच्या राखणदाराला सांगून टाकलं की या तीन नंबरांवर जे येईल ते भिंतीपलीकडे दे, बाकीचं पूर्वीसारखं हाकल. माझ्या डब्यावर नेटच्या रकान्यात गेले पाच दिवस जिथे 'कडक' लिहून येत होतं तिथे 'खुला' आलं. काका म्हणाले, माझ्या अर्ध्यानं काय उघडलं ते मला बघू दे, आणि चपला घालून आमच्या घरी आले. आईने त्यांना बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली; चहात साखर दोनदा पडली.

दिपाला निरोप टाकला. ती आली. सामना सुरू झाला, आणि लगेच टीव्हीतून तिचा आवाज आला. नुसतं खेळणं अपेक्षित होतं, दरवाजे उघडल्यावर बोलणंही सुरू होतं हे दस्तगीरने सांगितलंच नव्हतं. "थांबणार का आज?" संक्रांतीनंतर पहिल्यांदा तो आवाज. मी म्हणालो, थांबणार. दुसऱ्या मिनिटाला पहिला गोल बसला. आठवं मिनिट आलं. दस्तगीर, बापू, काका, तिघांनी श्वास धरला. नववं आलं. सामना चालूच. काकांनी बापूंच्या पाठीत थाप मारली. आणि नेमका तेव्हा टीव्हीतून दुसराच एक आवाज आला, "ह्यो कोन बोलतोय गं?"

दिपाची आजी. रुख्मिणीबाई. तिच्या घरी आवाज मोठ्या टीव्हीवर उघडा लागलेला होता आणि आजी समोरच शेंगा फोडत बसली होती. त्यानंतर, मामा, खेळ बाजूला आणि माझी चौकशी सुरू. कोनाचा रे तू? गाव कोंतं? आडनाव सांगताना तिसरा गोल बसला, गाव सांगताना चौथा. हात थांबवता येईना आणि तोंडही थांबवता येईना. "मागं कोन बोलून राहिलं?" मी म्हणालो माझे वडील आणि काका. "एकत्र हायेत का वेगळे?" मग बापू आणि काका दोघंही एकदम म्हणाले, "एकत्र!" आणि एकमेकांकडे बघायचं टाळत टीव्हीकडे बघू लागले. पाचवा गोल. पाच-शून्य झाल्यावर दिपाने डिवचलं, "जातोस का आता? दार तर उघडंच आहे." माझ्या कानात रक्त चढलं. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. हातातलं बटणांचं यंत्र टीव्हीत मारायला उचललंसुद्धा, तर एका मनगटावर बापूंचा हात आणि दुसऱ्यावर काकांचा. "बस खाली," बापू हळूच म्हणाले. मी बसलो.

"शिक्षन?" आजीने विचारलं. सगळ्या प्रश्नांतला हा एकच मला नको होता. मी म्हणालो, "अर्धं झालंय आजी. उरलेलं अर्धं करणार आहे." हे माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, माझं तसं काही ठरलेलं नव्हतं. पण तेव्हा, मामा, मी डोळ्यांनी बघितलं, तिचा खेळाडू चेंडू पायात घेऊन मैदानात तसाच उभा राहिला. हलेना. मी चेंडू काढून घेतला, थेट धावत गेलो, समोर मोकळा गोल, आणि खांबाला मारला. मग तिने उरलेले दोन घातले. शेवटची शिट्टी झाली. पडद्यावर लिहून आलं: सामना पूर्ण. आम्ही चौघं असे ओरडलो की गॅलरीतले लोक पुन्हा बाहेर आले आणि विचारू लागले की पोरगं जिंकलं का. काकांनी छाती काढून सांगितलं, "हरलं! पूर्ण हरलं!" आणि त्यांच्या खर्चाने गल्लीत पेढे वाटले.

तर अशी हकीकत आहे. काल रात्रीचं जेवण दोन्ही घरांचं एकत्र झालं. बापू आणि काका जेवणावरून उठेस्तोवर कुकरच्या जुन्या भांडणावर पुन्हा आले होते, पण आता समोरासमोर बसून, एकाच ताटातली कांद्याची फोड खात. मी सुखी आहे. तुम्ही गुडघा जपा. मामींना आणि फाट्यावरच्या सगळ्यांना माझा नमस्कार, आणि या पानांतलं त्यांना जेवढं सांगण्याजोगं वाटेल तेवढंच सांगा.

तुमचा हरून आलेला भाचा,
स्वप्निल

ता. क. – एक बारीक गोष्ट राहिली. शेवटची शिट्टी झाल्यावर रुख्मिणीबाईंनी विचारलं, "तुझं मामाकूळ कोंतं?" मी तुमचं नाव आणि वारंगा फाटा सांगितला. त्या म्हणाल्या, परभणीकरांना थांबवते, आधी मामाला इचारते, आणि गुरुवारी सकाळच्या गाडीने तुमच्याकडे येत आहेत. म्हणजे हे पत्र मिळाल्यावर तुमच्या हातात एक दिवस आहे. त्या विचारतील की पोरगा धरसोड करतो का. तेव्हा मिशीवरून हात फिरवा आणि वाटणीच्या दिवशी बोलला होतात त्या आवाजात बोला. मोटारसायकलीचा विषय निघाला तर ट्रकखाली जा.

ता. क. दुसरा – सोबत एक घडी केलेला कागद आहे. तो डिप्लोमाच्या पुनर्प्रवेशाचा अर्ज. आजीसमोर बोलून बसलो, आता मागे कसं फिरू? शनिवार शेवटची तारीख. पालकाची सही लागते, आणि काच फुटली त्या दिवशी बापूंनी तुळशीसमोर शपथ घेतली आहे की त्या कॉलेजच्या कागदाला पुन्हा हात लावणार नाही. (काल काका म्हणाले मी करतो सही, तर बापू म्हणाले माझ्या पोराचा पालक तू कसा, आणि अबोला पुन्हा सुरू होता होता वाचला.) नात्याच्या रकान्यात 'मामा' लिहा. सरांना माफीची चिठ्ठी मी वेगळी लिहिली आहे. तिच्यात यंत्राबद्दल एकही शब्द नाही.

ता. क. तिसरा – पाकीट चिकटवणार एवढ्यात दिपाचा निरोप आला, तोही फोनवर. नंबर मोकळा केला आहे. लिहिते, "फायरवॉलचं आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. नेटवर्किंगच्या पेपरला मला ब्याण्णव आहेत. आपल्याकडच्या दारावर अडलं की तू दार फोडतोस की किल्ली शोधतोस, तेवढं बघायचं होतं." मामा, पाच दिवस! थावराची पाठ, बापूंचा हंबरडा, पाच वळसे! मी तिला सडकून चार ओळी लिहिल्या. मग खोडल्या. मग पुन्हा लिहिल्या. शेवटी पाठवलं एवढंच, की शनिवारी अर्ज द्यायला हिंगोलीला येतो आहे. तेव्हा या पत्रातलं बाकी सगळं तुम्ही खोटं धरलंत तरी चालेल, सही तेवढी खरी करा.